तेलाचा दाब आणि अनुमानाचे प्रामाण्य

इंजिनातल्या तेलाचा दाब कोणी डोळ्यांनी पाहत नाही. दिसतो तो डॅशबोर्डवरचा लाल दिवा, नाहीतर गेजचा खाली आलेला काटा. बेरिंगची झीज, पातळ झालेले तेल, दमलेला पंप हे सगळे बिडाच्या भिंतींआड असते, आणि दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या वस्तूपर्यंत मनानेच जावे लागते. या जाण्याला भारतीय दर्शनांनी अनुमान म्हटले आणि त्यावर शतकानुशतके वाद घातला. खुणेवर भरवसा ठेवावा तो कशाच्या बळावर, किती, आणि भरवसा पुरता बसण्याआधी कृती करावी की थांबावे? न्यायशास्त्राचे नेहमीचे उदाहरण डोंगरावरच्या धुराचे. जुन्या मोटारीचे इंजिन त्याहून अवघड उदाहरण आहे. धूर दिसला की कारण एकच, अग्नी. दाब पडला की कारणे सात-आठ.

पुण्यात हे दोन्ही विषय एकाच टेकडीला लागून नांदतात. लॉ कॉलेज रस्त्यावर १९१७ साली स्थापन झालेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती तिथूनच १९२८ साली निघाली, त्याआधी १९२४ साली शास्त्रीबुवांच्याच टीकेसह माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ निघाला होता. मागच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आहे, १९६६ सालची. खाली हेतू (अनुमानाला आधार देणारी खूण) आणि हेत्वाभास (फसवी खूण) यांची छाननी, वर इंजिनांची. दोन्हीकडचा प्रश्न मुळात एक आहे: जे समोर नाही त्याबद्दल खात्रीने बोलायचा अधिकार कसा मिळतो.

आधी दाब म्हणजे काय ते पाहिले पाहिजे, कारण इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. तेलाचा पंप दाब तयार करत नाही. तो फक्त तेल ढकलतो. ढकललेल्या तेलाला पुढे अडथळा झाला तरच दाब उभा राहतो. अडथळा होतो तो क्रँकशाफ्ट आणि बेरिंग यांच्यातल्या फटीत. ही फट इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. गॅरेजमध्ये त्याला थाऊ म्हणतात. चांगल्या इंजिनात ती साधारण एक ते तीन थाऊ असते, म्हणजे माणसाच्या केसाएवढी किंवा त्याहूनही बारीक. चालत्या इंजिनात शाफ्ट बेरिंगला टेकत नाही, या फटीतल्या तेलावर तरंगतो. फट वाढली की तेल सहज निसटते आणि दाब बसतो. निसटण्याचे प्रमाणही सरळ वाढत नाही. ते फटीच्या घनाच्या हिशेबाने वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती आठपट. एखाद्या थाऊच्या झिजेने इंजिनाचे आयुष्य का ठरते, ते यावरून कळते.

तेव्हा दाब ही एखाद्या वस्तूच्या अंगी असलेली गोष्ट नाही. पंपाची ढकल, तेलाचा दाटपणा, फटीची रुंदी आणि फिरण्याचा वेग या चौघांच्या नात्यातून ती उभी राहते. न्याय-वैशेषिकांच्या परिभाषेत विचार केला तर ती एकट्या द्रव्यात न राहणारी, अनेकांवर अवलंबून असलेली बाब आहे. म्हणूनच ‘दाब कमी आहे’ या वाक्यातून कोण बिघडले हे आपोआप निघत नाही. नात्यातला कोणताही एक जण ढिला पडला तरी काटा तेवढाच खाली येतो.

आता नेहमी घडणारा प्रसंग घ्यावा. पुण्याहून वाईला निघालेली एक प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचे इंजिन, मे महिन्याची दुपार. कात्रज मागे पडले, शिरवळ गेले, जुन्या घाटरस्त्याने खंबाटकी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढून झाली. वर ट्रकांच्या रांगेमागे गाडी थांबते, इंजिन मंद फिरतीवर येते, आणि लाल दिवा मिणमिणू लागतो. ॲक्सिलरेटर जरा दाबला की विझतो, सोडला की पुन्हा लागतो. असा दिवा साधारण पाच-सात पौंडांच्या खाली दाब गेला की लागतो; गॅरेजमध्ये पीएसआयला पौंडच म्हणतात. जुन्या इंजिनांसाठी मेकॅनिक दर हजार फेऱ्यांना दहा पौंड हा ढोबळ हिशेब धरतात. त्या हिशेबाने दिव्याची हद्द फार खाली आहे. तो लागतो तेव्हा गोष्ट आधीच पुढे गेलेली असते.

इथे पहिला तात्त्विक प्रश्न रस्त्याच्या कडेलाच उभा राहतो. दिव्यावर विश्वास ठेवावा का? या प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक यांचे मोठे भांडण आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते उपजले की खरे धरायचे. त्याला खोटे ठरवायला दोन गोष्टींपैकी एक लागते: ज्ञान देणाऱ्या साधनात दोष सापडला पाहिजे, किंवा नंतर उलट ज्ञान झाले पाहिजे. कुमारिलभट्टांच्या परंपरेचे हे म्हणणे आहे. याच रस्त्याने पुढे गेल्यावर जे वाई लागते, तिथल्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ सिद्ध केला. नैयायिकांचे म्हणणे उलटे. ज्ञान झाले एवढ्याने ते खरे ठरत नाही, त्याची खातरजमा बाहेरून व्हावी लागते. पाणी दिसले, जवळ गेले, ओंजळीत घेतले, तहान भागली, की मग ते पाहणे खरे. ज्ञानाच्या आधारे केलेली कृती फळाला आली, तर ज्ञान प्रमाण.

वरवर पाहता मीमांसक गाडी बंद करील आणि नैयायिक तपास होईपर्यंत चालवीत राहील असे वाटेल. तसे नाही, आणि हा मुद्दा या वादाच्या वाचकांकडून पुष्कळदा निसटतो. कृतीला निश्चय लागतोच असे नैयायिक म्हणत नाहीत. संशयावरही माणूस कृती करतो आणि ते योग्यही असते, हे त्यांना मान्य आहे. शेतकरी पावसाचा निश्चय झाल्यावर पेरत नाही. म्हणजे दिवा लागताच किल्ली बंद करण्याबाबत दोन्ही शास्त्रांचे एकमत आहे, कारणे वेगळी. मीमांसक थांबतो, कारण दाब गेला हे त्याला कळले आहे. नैयायिक थांबतो, कारण दाब गेला असण्याची शंका आहे आणि तेवढी शंका थांबायला पुरते.

दोन शास्त्रांच्या वादात एक गोष्ट फारशी पुढे येत नाही आणि इंजिनापाशी मात्र ती टाळता येत नाही: कृतीची किंमत. घाटात इंजिन बंद करण्याची किंमत अर्धा तास. तेलाशिवाय चाललेल्या बेरिंगची किंमत क्रँकशाफ्ट. त्यामुळे थांबायला थोडी शंका बस होते. पण थांबल्यानंतर गॅरेजमध्ये ‘बेरिंग गेली, इंजिन खोलावे लागेल’ हा निर्णय ज्या दिव्यावरून घेतला जातो, तो दिवा तोच असला तरी कृती तीच नसते. इंजिन खोलायला पुरी खात्री हवी. एकच खूण एका कृतीला पुरेशी आणि दुसरीला अपुरी असू शकते. थांबण्यात मीमांसकाची तत्परता हवी आणि खोलण्यात नैयायिकाची चिकाटी. ज्या गॅरेजमध्ये या दोहोंची अदलाबदल होते, तिथे ‘दिवा काय, असाच लागतो’ म्हणून गाडी चालवली जाते किंवा पंधरा मिनिटांत इंजिन उतरवायची बोली होते. दोन्हीत गाडीचे आणि गाडीवाल्याचे नुकसान आहे.

खातरजमेची सुरुवात खुणेपासूनच करावी लागते, कारण मीमांसकांनीही साधनातल्या दोषाची वाट मोकळी ठेवली आहे. दिव्याची रचना सोपी असते. ब्लॉकमध्ये बसवलेला ऑइल स्विच दाब नसताना तारेला बॉडीशी जोडतो, म्हणून दिवा लागतो. दाब आला की आतला पडदा उचलला जातो, जोड तुटतो, दिवा विझतो. मेकॅनिक बॉनेट उघडून स्विचवरची तार उपसतो आणि इग्निशन चालू ठेवून आत बसलेल्याला विचारतो, ‘गेला का?’ तार काढूनही दिवा तसाच असेल तर ती तार वाटेत कुठेतरी बॉडीला घासून उघडी पडली आहे. दाबाचा त्यात संबंध नाही. दिवा गेला तर तार निर्दोष, संशय स्विचवर किंवा खऱ्या दाबावर. मग स्विच काढून त्याच आट्यांत तेलाची नळी जोडलेले साधे गेज लावायचे आणि इंजिन गरम असताना मंद फिरतीवर काटा वाचायचा. ही पायरी गाळून पुढची एकही करू नये. स्विच स्वस्त असतो, नाना पेठेत सहज मिळतो, आणि त्या एका स्विचपायी धडधाकट इंजिने खोलली जातात.

या तार उपसण्यात शास्त्राची एक जुनी पद्धत आहे. हे असताना ते असते, हा अन्वय. हे नसताना ते नसते, हा व्यतिरेक. नुसत्या अन्वयावर व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे अटळ साहचर्य, बांधता येत नाही, कारण दोन गोष्टी सोबत दिसणे हा योगायोगही असतो. व्यतिरेक मुद्दाम घडवून पाहावा लागतो. इंजिन आतून ठोकत असेल तर याच तत्त्वावर एकेका प्लगची वायर काढून पाहतात. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबला की त्याच्या कनेक्टिंग रॉडवरचा भार उतरतो; तिसऱ्याची वायर काढताच खटखट मऊ पडली, तर तिसऱ्याच्या बिगएंडमध्ये, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या बेरिंगमध्ये, झीज आहे. चौघांतून एक असा निवडून काढलेला पुरावा नुसत्या कानापेक्षा पुष्कळ भक्कम असतो.

गेजनेही दाब कमी दाखवला की खरा कठीण भाग सुरू होतो. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती टिकते. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ ही टिकत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओले सरपण लागते. ही लपलेली अट म्हणजे उपाधी. गॅरेजमधले सर्वांत महागडे अनुमान हेच आहे: दाब कमी, म्हणून बेरिंग गेली. खरी व्याप्ती उलट दिशेने आहे. बेरिंगची फट वाढली असेल तर गरम तेलावर, मंद फिरतीला दाब कमी असणार. तिला उलटवून वापरायचे असेल तर उपाध्या जोडाव्या लागतात: तेल योग्य ग्रेडचे असेल, पातळी बरोबर असेल, पंप आणि जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह धड असतील, तेलात पेट्रोल उतरले नसेल, तर कमी दाबावरून बेरिंगची झीज म्हणावी. या अटी न तपासता काढलेला निष्कर्ष खरा निघाला तरी ते अनुमान नव्हते. तो अंदाज लागला, इतकेच.

एका कार्याला अनेक कारणे असतील तर कार्यावरून कारण ओळखायचे कसे, हा प्रश्न नैयायिकांना तृण, अरणी आणि मणी यांच्या रूपाने भेडसावत होता. गवतापासून अग्नी होतो, अरणी घासून होतो, सूर्यकांत मण्यातूनही होतो. मग अग्नी पाहून काय सांगणार? त्यांचे उत्तर असे की तिन्ही अग्नी खरे तर एकजात नाहीत. कारण वेगळे असेल तर कार्यातही सूक्ष्म जातिभेद असतो. हे उत्तर ओढूनताणून दिलेले वाटते खरे. इंजिनापाशी उभे राहिले की त्यातले बळ कळते. ‘दाब कमी’ ही एकच घटना नाही, तिच्या जाती आहेत. थंड इंजिनावर काटा वर, गरम झाल्यावर मंद फिरतीला पडतो आणि वेगात बराचसा सावरतो: झीज किंवा पातळ तेल. कितीही रेस केले तरी काटा एका ठरावीक आकड्यावर अडतो: रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग दमली किंवा व्हॉल्व्हखाली कचरा अडकला. वळणावर, ब्रेक लावताना, चढावर काटा अचानक झुकतो: इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये तेल कमी आहे आणि पंप हवा ओढतो आहे. सुरुवातीला ठीक, लांब वेगात चालवल्यावर हळूहळू उतरतो: तेल ओढणारी जाळी गाळाने बुजत आली असण्याची शक्यता मोठी. आकडा एकच, दहा पौंड. पण कोणत्या वेळचा, कोणत्या उष्णतेचा आणि कोणत्या फिरतीचा, यावर त्याची जात ठरते. खुणेकडे जितके बारकाईने पाहावे तितकी कारणांची गर्दी कमी होते.

खंबाटकीवरच्या गाडीची खूण पहिल्या जातीची आहे. दिवा गरम इंजिनावर लागला आणि रेस देताच विझला. तेव्हा झीज की पातळ तेल, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर ऑइलच्या पट्टीवर असते. पट्टी काढून तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळायचा, मग नाकाशी न्यायचा. या गाड्यांचा पेट्रोल पंप यांत्रिक, इंजिनाच्या बाजूला बसवलेला असतो. त्याचा रबरी पडदा फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये झिरपते. मग पट्टीवर पातळी खुणेच्या वर दिसते, तेल बोटांत पाण्यासारखे सरकते आणि वास पेट्रोलचा येतो. पातळी वाढलेली पाहून समाधान मानणारा इथे फसतो. न्यायाच्या भाषेत हा विरुद्ध हेतू: जी गोष्ट इंजिन सुरक्षित असल्याची खूण समजली, तीच ते धोक्यात असल्याची खूण निघाली. असे तेल ज्वालाग्राही असते. पडदा बदलून तेल पुरते काढून टाकल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

पेट्रोलचा वास नसेल तर तेलाच्या ग्रेडकडे आणि उष्णतेकडे पाहायचे. आपल्याकडे जुन्या गाड्यांत सर्रास पडणारे २०-डब्ल्यू-४० तेल ४० अंश सेल्सिअसला जेवढे दाट असते, त्याच्या सात-आठ पट पातळ १०० अंशांना होते. सकाळी सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दारात घेतलेले वाचन आणि दुपारी घाटमाथ्यावरचे वाचन यांची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या तेलांची तुलना करणे होय. गाडीसोबत आलेले जुने माहितीपुस्तक इथे शब्दप्रमाण ठरते. आप्ताचे वचन प्रमाण असते, मात्र ते ज्या संदर्भात उच्चारले त्या संदर्भात. पुस्तकातला आकडा कोणत्या तेलाचा, किती तापलेल्या इंजिनाचा, हे वाचल्याशिवाय तो आपल्या गाडीला लावता येत नाही. उस्तादांच्या ‘या इंजिनाला एवढाच दाब असतो’ या वाक्यालाही हीच अट लागू आहे, त्यांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून.

यापुढे पुरावा बाहेर काढावा लागतो. गरम तेल स्वच्छ ट्रेमध्ये सोडायचे आणि ट्रे उन्हात तिरका करून पाहायचा. तेलात चंदेरी किंवा तांबूस चमक दिसली तर लोहचुंबक फिरवायचा. चिकटते ते पोलाद. न चिकटणारी पांढरट चमक बेरिंगच्या वरच्या थराची असू शकते, आणि तांबूस चमक त्याखालच्या तांबे-शिशाच्या थराची, म्हणजे वरचा थर संपल्याची. काहीच दिसले नाही तर? अभावाचे ज्ञान कसे होते, यावर भाट्ट मीमांसक आणि नैयायिक पुन्हा भांडतात. पण एक अट दोघांनाही मान्य आहे. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे हा पुरावा. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. तेलातला चुरा फिल्टरमध्ये अडकतो, चेंबरच्या तळाच्या गाळात बसतो. फिल्टर कापून आणि चेंबर उतरवून पाहिल्याशिवाय ‘तेल स्वच्छ आहे’ या वाक्याला वजन नाही.

चेंबर उतरला की जाळी, पंपाचे गिअर, व्हॉल्व्हची स्प्रिंग एकेक करून निर्दोष ठरवता येतात, आणि शेवटी एका बेरिंगची टोपी सोडून क्रँकवर मेणासारख्या प्लास्टिकची बारीक दोरी ठेवतात. टोपी पुन्हा नेमक्या ताकदीने आवळून सोडली की चेपलेल्या दोरीची रुंदी मोजून फट कळते. इथे अनुमान संपते आणि प्रत्यक्ष सुरू होते.

‘सर्वदर्शनसंग्रहा’च्या पहिल्याच प्रकरणात चार्वाक अनुमानाचा पायाच खणून काढतो: सगळे धूर आणि सगळे अग्नी कोणी पाहिले आहेत? न पाहिलेली उपाधी कुठेतरी लपलेली असणारच. मेकॅनिकलाही हे म्हणता येईल, की आठ कारणे तपासली पण नववे नसेल कशावरून. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांचे उत्तर असे, की शंकेला मर्यादा असते आणि ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याने घातलेली असते. धूर हवा म्हणून जो विस्तव पेटवतो, त्याला धूर-विस्तवाच्या नात्याची शंका घेता येत नाही. श्रीहर्षाने या उत्तराला तोडीस तोड टोला दिला, की शंका असेल तरच हा व्याघात, म्हणजे शंका आणि वागणे यांच्यातला विरोध, उभा राहील, मग व्याघात शंकेला कसा थांबवणार? शब्दांच्या पातळीवर श्रीहर्षाची बाजू वरचढ आहे. तरीही जो माणूस फट मोजून क्रँक लेथवर दहा थाऊ घासायला देतो आणि त्याच मापाच्या अंडरसाइज बेरिंगा विकत आणतो, त्याने आपल्या शंकेला सीमा घातलेली असते. त्या सीमेपर्यंत तो प्रामाणिकपणे गेला की नाही, हे महत्त्वाचे.

याउलट शंकेची सीमा गाठण्याआधीच खूण गप्प करण्याचे उपाय बाजारात पुष्कळ आहेत. जाडसर तेल ओततात, दाब वाढवणारी औषधे घालतात, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालतात. वॉशरची गोष्ट विशेष बोलकी आहे. मंद फिरतीला, गरम तेलावर हा व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो; तो धड बसत असेल तर स्प्रिंग ताठ केल्याने त्या वेळचा दाब वाढत नाही, वाढतो तो वेगातला. काटा वर गेलेला दिसतो आणि रोग होता तिथेच राहतो. जाड तेलाने काटा चढतो, पण थंड इंजिन सुरू होताना तेच तेल अरुंद वाटांतून उशिरा पोचते. वाटा गाळाने बुजल्या असतील तर बुजलेल्या जागेच्या अलीकडे दाब उलट जास्त दिसतो आणि पलीकडची बेरिंग उपाशी असते. चांगला काटा हाही हेतूच आहे, आणि त्याचीही व्याप्ती तपासावी लागते.

दुरुस्ती खरी झाली की नाही, हे नैयायिकांच्या कसोटीने ठरते: फळ आले का. बांधलेले इंजिन सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने फिरवतात, गेजवर काटा हलेपर्यंत. मग पूर्ण गरम करून मंद फिरतीला वाचन घेतात, गाडी पुन्हा घाटात नेऊन तेच वाचन घेतात, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर तेल काढून पुन्हा उन्हात पाहतात. एक तपासणी मात्र रोजची आहे. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तेलाचा लाल दिवा लागलाच पाहिजे. त्या क्षणी तो लागला नाही तर बल्ब गेलेला असतो किंवा तार तुटलेली, आणि पुढचा सगळा प्रवासभर तो विझलेलाच दिसतो, दाब असो वा नसो.